पीएच.डी. करून कोणते दिवे लागतात?

(मौजे कुरुळी, तालुका खेड, जिल्हा पुणे येथे गावकऱ्यांपुढे झालेले भाषण)



आज मी ज्या डॉक्टरांविषयी बोलणार आहे, ते नाडी पाहत नाहीत, सुई टोचीत नाहीत आणि औषधाची चिठ्ठीही लिहून देत नाहीत. हल्ली आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरांतूनही असा एखादा मुलगा, एखादी मुलगी निघू लागली आहे. नावापुढे डॉक्टर लागले की शेजारची म्हातारी दुखरा गुडघा दाखवायला येते. हा औषधाचा डॉक्टर नव्हे असे कळले म्हणजे ती विचारते, "मग बाबा, इतकी वर्षे तू केलेस तरी काय?" म्हातारीचा प्रश्न अगदी रास्त आहे. बहुतेक डॉक्टरांना त्याचे सरळ उत्तर देता येत नाही, ही खरी अडचण.

डॉक्टर हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ शिकवणारा. रोग बरा करणाऱ्याला तो पुढे चिकटला. जगात ज्याचे उत्तर कोणाजवळ नाही असा एक प्रश्न घ्यायचा, मग तो हरभऱ्याएवढा का असेना. चार-पाच वर्षे त्याच्या मागे लागायचे, सापडेल ते पुराव्यासह लिहायचे आणि बाहेरच्या परीक्षकांकडून उलटसुलट प्रश्नांनी पारखून घ्यायचे. ह्या खटाटोपाचे नाव पीएच.डी. येथे ऐकीव गोष्ट चालत नाही. पोथीत लिहिले आहे म्हणून खरे, गुरूने सांगितले म्हणून खरे, हेही चालत नाही. निदान चालू नये.

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी संस्थेच्या पीएच.डी. शिष्यवृत्त्यांना मर्यादा घालण्यावरून चर्चा चालली होती. त्या वेळी एका वजनदार मंत्र्यांनी सवाल केला, की पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार? विद्यार्थी संतापले, जागोजाग निषेध झाले. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. सवाल वाईट नव्हता, विचारणारा भलता होता. तिजोरीची किल्ली कमरेला लावलेल्या माणसाने दार लोटता लोटता असे विचारले, म्हणजे तो सवाल राहत नाही, नकार होतो. हा सवाल विचारण्याचा हक्क रयतेचा आहे, कारण पैसा रयतेचा आहे.

हे मी आज नवीन सांगत नाही. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिले, त्यात हेच गाऱ्हाणे होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. खुद्द रयतेच्या पोराला अक्षरओळखही मिळत नाही. आज बार्टी, सारथी, महाज्योती अशा संस्थांमधून काही मुलांना शोधकार्यासाठी वेतन मिळते. म्हणजे घामही आपला आणि पोरही आपले. तेव्हा हिशेब मागण्याचा हक्क दुप्पट झाला, आणि हिशेब समजून घेण्याची जबाबदारीही. तीच आज थोडी पार पाडू.

सातारा जिल्ह्यात बुध नावाचे गाव आहे. तेथे 1911 साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी 1936 साली लंडनच्या विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. विषय कोणता? आपल्या बायाबापड्या रोज चुलीपाशी करतात तो. शितावरून भाताची परीक्षा. तुम्ही म्हणाल, ह्याला लंडनला कशाला जावे लागते? पण विचार करा. वरचे शीत कच्चे असते, तळाचे करपलेले असते. मग चाचपायचे कोणते? एक चाचपावे की दहा? दहा चाचपून काढलेला अंदाज चुकला, तर जास्तीत जास्त कितीने चुकेल? हे गणिताने सांगता आले, म्हणजे लाख एकरांचे पीक न मोजता थोड्या शेतांवरून त्याचा भरवसा देता येतो.

पुढे 1940 नंतरच्या दशकात सुखात्म्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत हीच विद्या पीक कापणीला लावली. उभ्या पिकात अगदी चिमुकला तुकडा आखून उतारा काढला, तर तो खऱ्याहून जास्त येतो, असे त्यांनी दाखवून दिले. कारण साधे आहे. तुकडा जितका लहान तितका त्याच्या मानाने काठ मोठा. काठावरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत ओढतो. मोठ्या तुकड्यात ही चूक मुरून जाते, लहान तुकड्यात ती फुगते.

आता ह्याचा आपल्याशी संबंध काय, तो ऐका. पीक विम्याची भरपाई ठरवताना मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांचा उतारा पाहतात. उतारा कागदावर फुगला, म्हणजे नुकसान कागदावर आटले. तेव्हा पुढच्या खेपेला गावात दोरी घेऊन माणसे आली म्हणजे घरात बसू नका. शेत आकड्यांच्या चिठ्ठीने निवडले की रस्त्याकडेचे सोयीचे म्हणून निवडले, हे विचारा. दोरी कोठून जाते ते पाहा. काठावरची ताटे कोणत्या ढिगात पडतात तेही पाहा. बुधच्या त्या पोराने लावलेला हा दिवा आहे; त्याच्या उजेडात आपले बघणे आपल्याच हाती आहे.

आता आपल्या सडकेने वर चला. चाकण ओलांडले की राजगुरुनगर. तेथे कांदा-लसूण संशोधनाचे सरकारी केंद्र आहे. 1994 साली ते नाशिकला निघाले आणि 1998 साली इकडे आले. भीमा शक्ती, भीमा किरण ही वाणांची नावे तुमच्या ओळखीची असतील. चाकणच्या बाजारात कांदा नेणारा मनुष्य म्हणतो, हे लोक दरसाल नवा वाण का काढीत नाहीत? ह्याचे उत्तर कांद्याच्या स्वभावात आहे. उळे टाकले, रोप लावले, कांदा निघाला. येथे तुमचे पीक संपले, पण कांद्याचा संसार अर्धाच झाला. तोच कांदा जपून ठेवून पुन्हा लावावा लागतो, त्याला डेंगळे यावे लागतात, तेव्हा कोठे बी धरते. म्हणजे एका पिढीला दोन वर्षे. शिवाय एकाच फुलातला पराग आधी पिकून झडतो आणि बी धरण्याचे अंग मागाहून तयार होते. त्यामुळे कांदा परक्या परागावर चालतो आणि तो माश्या आणतात. चांगला टिकाऊ कांदा निवडून लावला आणि शेजारच्या जाड मानेच्या कांद्याचा पराग माशीने आणून टाकला, की केलेली निवड वाया. म्हणून जाळ्या लावायच्या, लांब अंतर राखायचे, आणि पुन्हा पुन्हा निवडायचे. चार पिढ्यांना आठ वर्षे लागतात.

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ह्यातल्या दोन पिढ्या येतात, फार तर अडीच. तो सबंध वाण घडवीत नाही. वजनात किती घट आली, मोड किती आले, सड किती लागली, हे तो महिनोन्‌महिने तोलून लिहितो. एकच वाफा चांगला निघाला एवढ्यावर तो विश्वास ठेवीत नाही, कारण तो वाफा पाण्याच्या पाटाजवळचा असू शकतो. म्हणून तोच वाण चार ठिकाणी लावतो. आपल्यातला जाणता शेतकरी हे मनाशी करतोच. फरक इतकाच, की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते आणि ह्याचे कागदावर राहते. आणि दुसऱ्या कोणालाही ते पुन्हा करून खोटे पाडता येते. खोटे पाडता येणे हा मोठा गुण आहे. शास्त्राची आणि भाकिताची ताटातूट तेथेच होते.

"हे झाले पोटाचे. पण आभाळाकडे कान लावून बसणाऱ्यांचे काय?" असे कोणी विचारील. तीच सडक पुढे नारायणगावला जाते. तेथून जवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. सगळ्या मिळून 30 तबकड्या, एकेक 45 मीटर रुंद. पुण्यात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने, आपल्या गुरुजनांसह, ह्या दुर्बिणीतून जे शोधले ते 2020 साली जगापुढे आले. तारे तयार होतात ते हायड्रोजन वायूतून. आठ अब्ज वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या वसाहतींजवळ हा वायू किती शिल्लक होता, हे त्याला मोजायचे होते. एकेका वसाहतीचा आवाज इतका क्षीण, की कानी पडणे शक्य नाही. मग त्याने 7,653 वसाहतींचे आवाज एकत्र केले. आळंदीला इंद्रायणीच्या पलीकडून एका वारकऱ्याचा टाळ ऐकू येत नाही. पण सात हजार टाळ एका ठेक्यात वाजले म्हणजे बहिऱ्यालाही कळते. तशी ही युक्ती. निष्कर्ष असा निघाला, की ह्या वसाहती वायू इतक्या झपाट्याने खर्चीत होत्या, की कणगीतला साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपावा. पुरेशी नवी भर पडली नाही, म्हणून विश्वात नवे तारे पेटण्याचे काम पुढे मंदावले. दिवे काय लावले असे विचारणाऱ्यांना सांगा, आमच्या जुन्नर तालुक्यातून एका पोराने आभाळातले दिवे कमी का लागतात ते सांगितले.

त्याने कांद्याला भाव येत नाही, हे मला मान्य आहे. सगळ्या शोधांनी भाव येत नसतो. पण ज्याचे पोट भरण्याची मारामार, त्याने आभाळाचा विचार करू नये, हा नियम कोणी घातला? तो आपल्याला फार दिवस पाळायला लावला आहे.

पापळच्या कुणब्याच्या घरातले पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला गेले आणि त्यांनी विषय घेतला तो वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. ज्या ग्रंथांना शिवायची आपल्याला बंदी, त्यांचीच चिकित्सा. ते पुस्तक 1933 साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा 1925 साली छापलेला प्रबंध, ज्यावर 1927 साली त्यांना पीएच.डी. मिळाली, तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या जमाखर्चाचा आहे. साध्या भाषेत सांगायचे तर रयतेकडून गोळा झालेला पैसा वरच्या तिजोरीत किती आणि प्रांताच्या तिजोरीत किती, आणि तो कोणाच्या हुकमाने खर्च होतो, ह्याचा सुमारे 90 वर्षांचा पंचनामा. विषय रुक्ष दिसतो. पण आपल्या ग्रामपंचायतीला वरून येणारा निधी किती आणि तो अडतो कोठे, हा तुमचा भांडणाचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर हे भाषण म्हणजे भाटगिरी होईल. पुष्कळ प्रबंध केवळ बढतीसाठी लिहिले जातात. काही चक्क उतरवलेले असतात. त्याला आळा घालायला विद्यापीठ अनुदान आयोगाला 2018 साली नियम करावे लागले; 60 टक्क्यांहून अधिक मजकूर दुसऱ्याचा निघाला तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. प्रबंध जाड असला म्हणजे शोध मोठा, हाही भ्रम आहे. कमला भागवत, पुढच्या सोहोनी, ह्यांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन ह्यांनी बाई म्हणून आधी नाकारले आणि मग अटी घालून घेतले. त्यांनी 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली ती अवघ्या 40 पानांवर. आपल्या मंचरच्या बाजारात गाड्यांनी येतो त्या बटाट्यावर काम करता करता त्यांनी दाखवले, की श्वसनाला लागणारे सायटोक्रोम सी नावाचे द्रव्य वनस्पतींतही असते.

पण माझी मुख्य तक्रार भाषेची आहे. शेत आपले, दाणा आपला, पैसा आपला, आणि निकाल मात्र इंग्रजीत कपाटबंद. शोधगंगा नावाच्या सरकारी भांडारात आज हजारो प्रबंध फुकट वाचायला मिळतात. पण ते वाचील कोण? पूर्वी एका भाषेची भिंत होती, आता दुसऱ्या भाषेची झाली, एवढाच फरक.

ह्यावर एक तोड ऑस्ट्रेलियात निघाली, तीही दुष्काळातून. क्वीन्सलँड प्रांतात पाण्याची टंचाई पडली, तेव्हा लोकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांची घड्याळे लावली. तेवढ्यात अंघोळ उरकायची. तेथल्या विद्यापीठाने त्यावरून युक्ती काढली. 80,000 शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील. तो विद्यार्थ्याने तीन मिनिटांत, साध्या माणसाला कळेल असा सांगावा. 2008 साली ही चढाओढ सुरू झाली आणि आता कितीतरी देशांत चालते.

आपल्याकडेही अगदी अंधार नाही. खोडदला दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी प्रदर्शन भरवीत आले आहेत. ते गावोगावच्या शाळांनी पाहावे. पण आपण त्यांच्या दारी जायचे हे अर्धे झाले. त्यांनीही आपल्या पारावर यावे. माझी सूचना अशी, की कुरुळीत आणि आसपासच्या गावांत ज्यांचे शोधकार्य चालू आहे, त्यांनी जत्रेच्या दिवशी पारावर उभे राहून आपला विषय तीन मिनिटांत मराठीत सांगावा. चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप न येता कळला, तर तो विद्यार्थी पास. घड्याळ सरपंचांच्या हाती देऊ नये, शाळेतल्या एखाद्या मुलीच्या हाती द्यावे. ती भीड धरणार नाही.

कांद्यावरच्या करप्याचे ज्यांना विचारायचे आहे, त्यांनी ते मला न विचारता राजगुरुनगरला जाऊन विचारावे. बाकीचे सवाल मी येथेच घेतो. बाया मागे बसल्या आहेत, त्यांनी आधी विचारावे.