तिसरीतल्या मुलाला वाचता येतं का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला विषय दिला आहे, 'आपल्या परिसरातील शाळांची प्रगती व पुढील उद्दिष्टे'. इतका भारदस्त विषय दिल्यावर दोन तास बोलायला हवं. पण जेवण साडेबाराला आहे आणि सूत्रसंचालक आत्तापासूनच घड्याळाकडे बघतायत. तेव्हा एकाच मुद्द्यावर बोलतो. ३१ वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, शेवटची काही केंद्रप्रमुख म्हणून. तिथे जे रोज पाहिलं तेवढंच सांगेन.

आधी 'आपल्या परिसरातील शाळा' म्हणजे कोणाच्या, ते पाहू. उल्हासनगरहून बदलापूर लोकलने दुसरं स्टेशन. पण उल्हासनगरात महापालिका, अंबरनाथ आणि बदलापुरात नगरपरिषदा, आणि शहराची हद्द ओलांडून वांगणीकडे किंवा बारवी धरणाकडे निघालात की जिल्हा परिषद. मध्ये आपल्यासारख्या अनुदानित संस्था, आणि आता प्रत्येक नाक्यावर इंग्रजी माध्यम. त्यामुळे 'आमच्या भागातली मुलं कशी शिकतायत?' या प्रश्नाला उत्तर देणारं एक टेबल कुठल्याच कचेरीत नाही. जो तो आपापल्या दहावीच्या निकालाचा फलक लावतो. निकाल ९८ टक्के असतो, आनंद आहे. पण नववीत गळालेलं मूल त्या फलकावर कधीच येत नाही.

प्रगती झाली नाही असं मी म्हणणार नाही. आपण शाळेत होतो तेव्हा मूल शाळेत येणं हीच मोठी गोष्ट होती. आपल्याच वर्गातली किती मुलं पाचवी-सहावीनंतर दिसेनाशी झाली, आठवून बघा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घेणं ही सरकारची जबाबदारी ठरली. पटावर नाव येण्याची लढाई बहुतेक जिंकली. बहुतेक म्हणतो, कारण बदलापूरच्या पलीकडच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पोरं त्यांच्यासोबत जातात. नाव पटावर, मूल भट्टीवर. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण चार महिन्यांनी परतलेलं मूल वर्गात बसतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि ते मागच्या बाकावर गप्प होतं.

पट भरल्यावर प्रश्न बदलला. आलेल्या मुलाला येतं काय? ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने 'निपुण भारत' सुरू केलं. उद्दिष्ट असं, की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं. यात मोजता येण्यासारख्या पायऱ्या आहेत. पहिली संपताना सोप्या चार-पाच शब्दांची वाक्यं, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०. अंकांचं तसंच: पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९, तिसरीत ९,९९९. आपल्यापैकी जे आजी-आजोबा झालेत त्यांनी घरी गेल्यावर नातवाला एक परिच्छेद वाचायला सांगावा. सून रागावली तर माझं नाव सांगा.

आता आपण कुठे आहोत? 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते. स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलाला एकेकटं बसवतात आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या क्रमाने वाचून घेतात. गोष्ट म्हणजे दुसरीच्या पातळीचा मजकूर. देशातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी अशी गोष्ट वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, करोनाच्या बंदनंतर २०२२ मध्ये १६.३ पर्यंत घसरली, आणि २०२४ मध्ये २३.४ झाली. म्हणजे पडलेलं सावरलं, आणि पूर्वीपेक्षा थोडं वर गेलं. शिक्षकांनी हे काम निवडणूक, मतदार याद्या आणि रोजची ऑनलाइन माहिती भरता भरता केलं आहे, हेही ध्यानात घ्या. तरीही शंभरातली शहात्तर-सत्याहत्तर मुलं उरतातच.

यात एक मेख आहे. 'असर'ची ही पाहणी ग्रामीण भागापुरती असते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर शहरांतलं मूल तिच्यात येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या 'परख' सर्वेक्षणात शहरी शाळाही होत्या. तिथे देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी ५५ टक्क्यांनाच ९९ पर्यंतचे अंक चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आले. शहर म्हटलं की आपोआप शिकलेलं, असं समजायचं कारण नाही.

वर्गात हे कसं दिसतं ते सांगतो. चौथीतली एक मुलगी. वही इतकी सुंदर, की कोणीही अधिकारी आला तर आधी तीच दाखवावी. फळ्यावरचा धडा शब्दन् शब्द उतरवलेला, समास आखलेला. मी तिच्याच वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "बाळ, हे वाच बरं." ती माझ्याकडे बघत राहिली. ती अक्षरं काढत होती, रांगोळी काढावी तशी. तीन वर्षं तिच्या लेखी ती चित्रंच होती. अशी मुलं दंगा करत नाहीत, गैरहजर राहत नाहीत, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाहीत. जोडाक्षरं आणि रफार यांच्यापाशी ती अडकतात, वजाबाकीत हातच्यापाशी, आणि तशीच पाचवीला आपल्या शाळेत येतात. मग आपण म्हणतो, 'खालून कच्ची आली.'

भाषेचं आणखी वेगळं. १९४९ मध्ये कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं तेव्हा सिंधहून आलेल्या निर्वासितांचं ते गाव होतं. आज तिथल्या आणि अंबरनाथच्या चाळींत घरात सिंधी, भोजपुरी, तेलुगू, बाहेर हिंदी आणि शाळेत मराठी, अशी कसरत सहा वर्षांचं मूल करतं. त्याला 'मंद' म्हणणाऱ्याने ती कसरत एक दिवस करून दाखवावी.

उपाय सापडलेला आहे, आणि तो आपल्या शेजारीच तपासला गेला. २००१ नंतर मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' संस्थेची 'बालसखी' योजना चालली. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं आणि शाळेच्या वेळेतले रोजचे दोन तास. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं. पुढे २०१९ मध्ये ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच हे दोघे. मुलांची प्रगती झाली, आणि सर्वात मागे असलेल्यांची जास्त. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. हे दुसरं वाक्य आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

आता पैशांकडे येतो. आपल्या बॅचने निधी जमवला आहे आणि दोन सूचना आहेत: शाळेला कमान किंवा स्मार्ट बोर्ड. कमानीला माझा विरोध आहे, स्पष्टच सांगतो. तिच्यावर आपली नावं कोरली जातील, याहून जास्त काही होणार नाही. स्मार्ट बोर्ड वाईट नाही, पण ज्याला फळा वाचता येत नाही त्याला तोही वाचता येणार नाही. माझी सूचना अशी, की आपल्याला मुलं देणाऱ्या जवळच्या दोन प्राथमिक शाळा घ्याव्यात. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची संमती घ्यावी. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांना आधी पटलं पाहिजे. वस्तीतल्या चार मुलींना मानधन द्यावं. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता वाचनाच्या पातळीप्रमाणे करावेत. जून, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये प्रत्येक मुलाचं एकेकट्याचं वाचन ऐकावं. आणि किमान तीन वर्षं थांबू नये. वह्यावाटपाचे फोटो नकोत, पहिला-दुसरा नंबर नको.

आपल्यातले किती तरी जण आता निवृत्त झालेत. ऑर्डनन्स फॅक्टरीत मायक्रॉन मोजणारे आहेत, बँकेत पैशापैशाचा हिशेब लावणारे आहेत. मुलाचं वाचन ऐकायला बी.एड. लागत नाही. शेजारी बसायचं, चुकलं तरी मध्ये तोडायचं नाही, एवढंच.

पुढच्या मेळाव्यात अहवाल एका पानाचा असावा: जूनमध्ये किती मुलं अक्षरावर होती, मार्चमध्ये किती गोष्टीवर पोहोचली. आकडा कमी आला तरी तसाच वाचायचा.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. आठवड्यातून दोन सकाळी देता येतील त्यांनी नाव, फोन नंबर आणि कोणती भाषा बोलता येते ते लिहावं. सिंधी किंवा भोजपुरी येणाऱ्यांनी जेवणाआधीच लिहा, नंतर ते पान सापडत नाही.