चिकाच्या पापडीतलं विज्ञान



उन्हाळा लागला की कडेगाव तालुक्यात घरोघरी कुरडया-पापड्या वाळत पडतात. गहू दोन-तीन दिवस भिजवायचा, वाटून-गाळून चीक काढायचा, शिजवून पातळ पसरायचा. वाळलेल्या पापडीतून पलीकडचा उजेड दिसतो. अन्नशास्त्र ज्याला खाद्य फिल्म, म्हणजे खाण्याजोगा पापुद्रा म्हणतं, तो याच जातीचा.

चीक म्हणजे मुख्यतः स्टार्च. त्यात ग्लुकोजच्या दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात: सरळ अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. गव्हात, मक्यात अमायलोज साधारण पाव हिस्सा. सरळ साखळ्या एकमेकींना बिलगल्या की पापुद्रा चिवट होतो. फांद्या आड आल्या की कमजोर राहतो. पुलुलानेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, नेमकं फांदीच्या सांध्यावर तोडतं. सुट्या झालेल्या साखळ्या दाट बसतात, पापुद्र्याला बळ येतं, वाफही कमी झिरपते. फार दाट बसल्या तर मात्र तो कडकडीत होऊन मोडतो. लवचिकपणासाठी ग्लिसरॉल घालावं, तर ते ओल ओढतं.

अल्फा-अमायलेज साखळी मधेच तोडतं. मोड आणलेल्या नाचणीची पेज पातळ होते, ती अशाच अमायलेजमुळे. बेतानं वापरलं तर घट्ट खळ सैल होऊन सारखी पसरते. वेळ चुकली तर तुकडे इतके आखूड होतात की पापुद्रा धड उचलता येत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून योग्य क्षणी उष्णतेनं किंवा आम्लता बदलून विकर थांबवावं लागतं.

असा पापुद्रा फळांच्या सालीतल्या पेक्टिनचाही होतो; त्यावर पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर काम करतं. ते साखळीला हात न लावता तिच्यावरचे मिथाइल गट काढतं. मग कॅल्शियम शेजारच्या साखळ्यांना बांधतं आणि पापुद्रा घट्ट होतो.

महाराष्ट्रानं २०१८ मध्ये एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. पर्याय म्हणून हे पापुद्रे मोलाचे आहेत, पण मर्यादा ओळखूनच वापरावेत. कोरड्या जिनसांपर्यंत हवेतला प्राणवायू पोचू न देण्याचं काम ते चांगलं करतात. पावसाळ्यात पाझरणाऱ्या गुळाला मात्र एकटा स्टार्च पुरणार नाही. जोडीला मेण किंवा तेलाचा थर हवा.

कडेगाव परिसरातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. गहू, मका, ज्वारी आपल्या रानात पिकते. त्यांच्या स्टार्चवर विकराची मात्रा आणि वेळ बदलून पाहा. ताण, वाफ, विद्राव्यता मोजा, नोंदी ठेवा. आपल्या पिकाचं गणित आपणच मांडायला हवं.