निळ्या रंगाची ट्यूब

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळा सुटल्यावर काय शिकलात ते पाच मिनिटांत सांगा, असं संयोजकांनी कळवलं होतं. मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण त्यातलं काही सांगायला लागले तर मागच्या बाकावरची मंडळी पूर्वीसारखीच झोपतील. म्हणून ट्रकच्या डिफरन्शियलबद्दल बोलते.

हायवेवरचं अण्णांचं गॅरेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते, दिवाळीची सुट्टी होती. उसाचा हंगाम तोंडावर आला होता आणि एक ट्रकमालक मामा गाडी ओढून घेऊन आले. एकच गाडी, तिच्यावर कर्जाचे हप्ते. मागच्या डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनचे दात तुटले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाकडून लांब शाफ्ट मागे येतो, त्याच्या टोकाला छोटा पिनियन असतो. तो मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ती सोय आतले लहान गिअर करतात. त्या गाडीत क्राऊनला ४१ दात होते आणि पिनियनला ६. गणिताच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, "मसाविचा पुढे उपयोग काय?" असं मी एकदा विचारलं होतं. ४१ आणि ६ यांचा मसावि १ आहे, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. उत्तर मला गॅरेजमध्ये मिळालं.

नवा जोडा आणला. क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचे, एवढं मला ठाऊक होतं. पिनियनच्या हाउसिंगखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. या गाडीत शिम वाढवली की पिनियन क्राऊनपासून दूर जातो, कमी केली की आत सरकतो. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा. मी विचार केला, गाडी तीच, हाउसिंग तेच, मग शिमही तीच. जुन्या शिम पुसून बसवल्या. नव्या पिनियनच्या तोंडावर एक बारीक आकडा कोरलेला होता, तो वाचला, पण सोडून दिला. प्रत्येक पिनियन ठरलेल्या मापापेक्षा किती कमी-जास्त बसवायचा, ते त्या आकड्यावरून कळतं. जुन्या आणि नव्या आकड्यात जेवढा फरक, तेवढी शिम बदलावी लागते.

अण्णा दुसऱ्या गाडीखाली होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "दातांना निळं लावून बघितलंस?"

मी म्हटलं, "हो."

बघितलं नव्हतं. रात्रीचे दहा वाजले होते, मामा बाकड्यावर बसून होते आणि मला इंजिनिअर म्हणून मिरवायचं होतं.

चाचणीला गाडी काढली, तर ओढ पडली की मागून घूंऽऽ असा आवाज. मामा म्हणाले, "चालेल हो, नवीन आहे, बसेल हळूहळू." अण्णा म्हणाले, "असा आवाज बसत नाही, दात खातो." गाडी परत आत घेतली. ऑइल काढलं, एक्सल ओढले, सगळा संच पुन्हा खाली. अण्णा निळ्या रंगाची ट्यूब घ्यायला फळीकडे गेले. ट्यूब सीलबंद होती. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सील फोडलं.

क्राऊनच्या दातांना रंग लावून फिरवलं, तर पिनियनचा ठसा दातांच्या पार बुडाशी उमटला. म्हणजे पिनियन फार आत होता. दोन्ही आकड्यांतला फरक काढून तेवढी शिम वाढवली. पण पिनियन मागे सरकला की दातांमधला प्लेही वाढतो. मग एका बाजूचा नट सैल करून दुसरा तितकाच आवळायचा, क्राऊन जवळ आणायचा, डायल गेजवर प्ले मोजायचा आणि पुन्हा ठसा बघायचा. एक सुधारलं की दुसरं हलतं. तिसऱ्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध आला. तेव्हा उजाडत होतं.

मामांना अण्णा एवढंच म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली. मजुरी एकदाचीच द्या." ना माझं नाव घेतलं, ना मला काही बोलले. मला वाटतं, रागावले असते तर मी तो प्रसंग कधीच विसरले असते.

आज माझ्या हाताखालची मुलं काम झालं म्हणून सांगतात, तेव्हा मी विचारते, "तपासलंस?" कुणी क्षणभर थांबून "नाही" म्हणालं, तर मी त्याला वेळ देते, काम पुढे गेलं तरी चालेल. त्या रात्री मला तेवढा एक क्षण थांबता आलं नव्हतं.

अण्णा आता थकलेत, गॅरेज धाकटा भाऊ बघतो. त्या ट्यूबबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. हे भाषण पाठ करायला आज सकाळी त्यांना वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "प्ले किती ठेवला होता, ते नाही लिहिलंस."