कोरी कॅसेट
(दहावी १९८६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘माझा छंद’ या विषयावर दहा मिनिटं बोल, असा आयोजकांचा हुकूम आहे. नववीत याच विषयावर निबंध लिहिला होता. तेव्हा पोस्टाची तिकिटं जमवतो असं लिहिलं होतं. ते खोटं होतं, बाई. शेजारच्याची वही पाहून लिहिलं होतं. आज खरं सांगतो.

माझा खरा छंद म्हणजे टीव्हीवरच्या जुन्या मालिका जमवणं. गेली तीस वर्षं मी व्हीएचएस कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी असं जे मिळेल ते गोळा करतोय. बायको या कपाटाला ‘भंगार विभाग’ म्हणते.

आपली पिढी टीव्हीबरोबरच वाढली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हा आपण रांगून चालायला लागलो होतो. चाळीत एकाच घरात टीव्ही, आणि त्याच्यासमोर सतरंजीवर पंचवीस पोरं. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ आपण असेच पाहिले. आठवीची परीक्षा संपली आणि १९८४च्या जुलैत ‘हमलोग’ सुरू झालं. मग ‘ये जो है जिंदगी’, प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’, ‘नुक्कड’, ‘बुनियाद’, ‘मालगुडी डेज’. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यावरच चर्चा. हे सगळं पुन्हा कधीही पाहता यावं, एवढीच माझी इच्छा. पण या साध्या इच्छेपायी जो मनस्ताप झाला, तो ऐका.

आधी व्हिडिओ लायब्ररी. तिथे सिनेमे ढिगाने मिळायचे. मालिका मागितली की मालक माझ्याकडे असा बघायचा, जणू मी वाण्याकडे पेट्रोल मागतोय. मग व्हीसीडी आल्या. एका व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात. म्हणजे बावीस मिनिटांचे तीन भाग बसतात, पण पाऊण तासाचा एक भाग संपून दुसरा सुरू झाला की तो अर्ध्यावर तुटतो. पुढचा अर्धा दुसऱ्या तबकडीवर, आणि ती दुसरी तबकडी हमखास दुकानात नसते. चित्र तर इतकं पुसट, की पात्रं आवाजावरून ओळखायची.

डीव्हीडी आल्या तेव्हा वाटलं, आता सुटलो. एका मालिकेचा ‘संच पहिला’ घेतला. सुंदर खोका. दुसऱ्या संचाची अकरा वर्षं वाट पाहिली. तो निघालाच नाही. दुसऱ्या एका संचात प्रत्येक भागाची सुरुवातीची नामावली कापलेली. अहो, ते शीर्षकसंगीत ऐकू आलं की हातातलं काम टाकून आपण पळत यायचो! तेच काढून टाकल्यावर उरलं काय?

लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं. आपला न्यू जर्सीतला मित्र आज इथे आलाय. त्याने प्रेमाने त्याचा डीव्हीडी संच पाठवला. प्लेअरमध्ये घातला तर पडद्यावर फक्त सूचना: ही तबकडी इथे चालणार नाही. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडलेत. अमेरिका विभाग १, युरोप विभाग २, भारत विभाग ५. मैत्रीला विभाग नसतो, पण तबकडीला असतो. तो खोका अजून माझ्याकडे शोभेला आहे.

हल्ली मुलं म्हणतात, बाबा, सगळं नेटवर असतं. असतं, पण आज असतं आणि उद्या काढून टाकलेलं असतं. कधी भाग सात नसतो, कधी कडेने चित्र कापलेलं असतं. आणि चिमणरावांचा पूर्ण संच मला आजवर ना दुकानात मिळाला, ना नेटवर.

यामागचं कारण मी बरंच वाचून काढलं, ते थोडक्यात सांगतो. ‘आय लव्ह ल्युसी’ ही अमेरिकी मालिका १९५१ची, आपल्या जन्माच्या कितीतरी आधीची. पण ती सिनेमासारखी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केली होती. म्हणून आजही लख्ख दिसते. नंतर व्हिडिओ टेप आली. टेप फार महाग होती, आणि तिचा एक गुण होता. ती पुसून पुन्हा वापरता यायची. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन:पुन्हा दाखवायलाही मर्यादा होत्या. घरोघरी व्हीसीआर येतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग जुना कार्यक्रम ठेवून करायचं काय? पुसा.

ब्रिटनच्या बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या पहिल्या काही वर्षांतल्या टेपा अशाच पुसल्या. नव्वदहून अधिक भाग नाहीसे झाले. जगभर शोध सुरू आहे. २०१३मध्ये परदेशी पाठवलेल्या प्रतींपैकी नऊ भाग नायजेरियात सापडल्याची बातमी आली, तेव्हा मी घरात पेढे वाटले होते. गंमत म्हणजे, हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे. कारण तेव्हाची शाळकरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज टेप करत होती. मोठ्या संस्थेने जे पुसलं, ते पोरांनी जपलं.

हे मी गेली कित्येक वर्षं चारचौघांत तावातावाने सांगत आलो. टेप पुसणारी माणसं किती अडाणी, किती बेफिकीर, असं म्हणत आलो. आता जे सांगणार आहे, ते या बढाईवर पाणी ओतणारं आहे.

नववीत आपली नाटिका ‘किलबिल’मध्ये झाली होती. आठवतंय? बाईंनी लिहिली, बसवली. संगीताच्या सरांनी पेटी धरली. आपण सोळा जण डोंबिवलीहून लोकलने दादर, तिथून बसने वरळी. एकीला बस लागली आणि राजाचा मुकुट तिच्या उपयोगी पडला. ज्या दिवशी कार्यक्रम दाखवला, त्या दिवशी वर्गात फक्त एकाच्या घरी व्हीसीआर होता. त्याचे वडील मस्कतला होते. त्यांनी तो कार्यक्रम टेप केला.

ती कॅसेट नंतर हरवली. ‘धाकट्याने कुठेतरी घालवली,’ असं त्या घरात ठरलं. धाकट्याने नाही म्हणून सांगितलं, पण ऐकतो कोण? पुढे जेव्हा जेव्हा आपण भेटलो, तेव्हा तेव्हा त्या कॅसेटची आठवण निघाली आणि त्या बिचाऱ्या भावाच्या नावाने बोटं मोडली गेली. मीही मोडली.

दोन वर्षांपूर्वी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. माळा रिकामा करताना माझ्या अठरा जुन्या कॅसेटी निघाल्या. एका कारागिराकडून व्हीसीआर दुरुस्त करून घेतला आणि एकेक कॅसेट संगणकावर उतरवायला बसलो. एका कॅसेटवर श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’चे तीन भाग होते, मी कॉलेजात असताना टेप केलेले. तिसरा भाग संपला. पडद्यावर मुंग्या आल्या. मी बंद करायला उठलो, तेवढ्यात पेटीचा सूर आला.

पडद्यावर आपण होतो. नाटिकेचा शेवट. सोळा जण ओळीत उभे राहून नमस्कार करतोय. मी चुकीच्या दिशेला. कडेला पेटीवर सर. त्यांचा चेहरा अर्धाच दिसतो, भात्यावरचा हात मात्र पूर्ण दिसतो. एकूण एक्केचाळीस सेकंद. मग पुन्हा मुंग्या.

मला सगळं आठवलं. कॉलेजात असताना मी मित्राच्या घरी कोरी कॅसेट मागायला गेलो होतो. मालिका सुरू व्हायला थोडाच वेळ होता. त्याच्या आईने कपाट उघडून दिलं, म्हणाली, घे तुला हवी ती. मी उचलली, तिच्यावर चिठ्ठी नव्हती. पण कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची चिप असते. ती मोडली की त्या कॅसेटवर नवीन काही टेप होत नाही. या कॅसेटची चिप मोडलेली होती. म्हणजे यातलं काही पुसू नये, असं कुणाला तरी वाटलं होतं. ते मला तेव्हाही कळत होतं. मी त्या भोकावर सेलोटेप लावला आणि बटण दाबलं. आत काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. आठवड्याने नवीन कॅसेट विकत घेऊन त्यांना दिली, आणि स्वतःला प्रामाणिक समजलो.

‘भारत एक खोज’चे सगळे ५३ भाग पुढे डीव्हीडीवर आले, आज नेटवरही फुकट दिसतात. त्यातल्या तीन भागांसाठी मी जे पुसलं, त्याची दुसरी प्रत मला कुठेही मिळालेली नाही.

मागच्या आठवड्यात मित्राला फोन करून सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “आधी धाकट्याला फोन कर.” केला. तो शांतपणे म्हणाला, “दादा, बरं झालं सांगितलंस. आता आईला कोण सांगणार? तिला जाऊन नऊ वर्षं झाली.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय, आमच्या तुकडीचा नसूनही, माझ्या आग्रहाने. मित्रा, तुझ्या वाट्याला जी बोलणी आली ती माझी होती. सगळ्यांसमोर माफी मागतो. बाई, तुमचीही.

आता एक विनंती. तुमच्या माळ्यावरही कॅसेटी असतील. मुंज, लग्न, गॅदरिंग. आपल्याकडच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप फाटेल आणि यंत्रही खराब होईल. जाणकाराकडून साफ करून घ्या. आणि उशीर करू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. आता आहेत ती यंत्रं दुरुस्त करत चालवायची, आणि ती दुरुस्त करणारी माणसंही आपल्याच वयाची आहेत. संगणकावर उतरवलंत की दोन प्रती करा, एक भावाबहिणीच्या घरी ठेवा. आणि वर तारीख, प्रसंग, माणसांची नावं लिहा. त्या कॅसेटवर एक चिठ्ठी असती, तर कदाचित माझा हात थांबला असता. कदाचित म्हणतोय, कारण चिप मोडलेली पाहूनही तो थांबला नव्हता.

संगीताचे सर जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचे फोटो शाळेत आहेत, पण पेटी वाजवताना ते दिसतात असं माझ्या माहितीत एवढंच आहे. जेवणाआधी ती एक्केचाळीस सेकंदं पडद्यावर दाखवणार आहोत. पेन ड्राइव्ह धाकट्याच्या खिशात आहे, माझ्याकडे ठेवलेला नाही.