छत्रींतलें आकाश

आठ वर्षांच्या मुलास 'तारे कां सरकतात?' असें विचारलें, तर 'पृथ्वी फिरते म्हणून' हें उत्तर तें तत्काळ देतें. पण तारे सरकतांना त्यानें कधीं पाहिले आहेत काय, असें पुसतांच तें गप्प होतें. उत्तर आधींच पाठ करून घेण्याच्या हौसेनें वडील माणसें मुलांचें पाहणेंच हिरावून घेतात.

श्रोतेहो, वैशाखाच्या सुट्टींत रात्रीं नऊच्या सुमारास सप्तर्षि उत्तरेस उंच असतात. त्यांतील अत्रि फिका. शहरांतील दिव्यांच्या झगमगाटांत तो शोधण्यांतहि मौज आहे. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा पुढें पांचपट वाढविली, कीं ध्रुव सांपडतो. हात ताणून मूठ वळली असतां तिची रुंदी सुमारें 10 अंश भरते. मुलाचा हात आंखूड खरा, पण मूठहि लहानच. माप बहुधा तेंच येतें. मुंबईस ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींहून किंचित् खालीं, तर काशीस अडीच मुठी उंच!

आतां घरांतील काळी छत्री घ्यावी. आंतून, दांडा कापडास मिळतो तेथें ध्रुव मानून, मुलानें सप्तर्षींचे सात ठिपके खडूनें काढावे; पुस्तकांतून नव्हे, वर पाहून. ते वांकडेतिकडे आले तरी चालतील. छत्रीचें टोंक ध्रुवाकडे रोखावें, ठिपके ताऱ्यांशीं जुळवावे आणि तासाभरानें पुन्हां पाहावें. जुळणी मोडलेली असते! छत्री घड्याळाच्या कांट्यांच्या उलट थोडी फिरविली, कीं ती पुन्हां जमते. आठ काड्यांच्या छत्रींत एका काडीच्या जागीं दुसरी येण्यास आकाशास सुमारें तीन तास लागतात, हा हिशेब मूल स्वतःच काढूं शकतें.

मग छत्री दुसऱ्यानें डोक्यावर स्थिर धरावी आणि मुलानें वर पाहत डावीकडे स्वतःभोंवतीं फिरावें. ठिपके तसेच फिरतांना दिसतात. पृथ्वीचें नांव काढण्याची वेळ ही.

एक प्रश्न मात्र राखून ठेवावा: दिवाळींत रात्रीं आठ वाजतां सप्तर्षि कोठें असतील? मूल छत्री अर्धी फिरवील. ठिपके ध्रुवाच्या खालीं, गच्चीच्या कठड्याआड जातील. खरेंच तसें होतें काय, हें पाहण्यास दिवाळीपर्यंत थांबावें लागेल. तोंवर घरांतील कोणींहि उत्तर सांगूं नये.