सामान एका टेम्पोत आलं



पत्रिकेवर वेळ साडेसातची छापली आहे. आत्ता आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मागच्या चार रांगा नुकत्याच भरल्या. संयोजक मघापासून माझ्याकडे ओशाळून बघतायत. पण मीच त्यांना म्हटलं होतं, फास्ट येऊ दे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा त्यांना वेळ ठरवताना लोकलचा विचार करावा लागला नव्हता. आपल्या बदलापुरात सरस्वतीची पूजासुद्धा इंडिकेटर बघून करावी लागते.

विषय दिलाय ‘महानगराकडून उपनगराकडे : तरुण कुटुंबाचं स्थलांतर’. मी समाजशास्त्रज्ञ नाही. फोर्टातल्या एका कंपनीत जन्मभर हिशेब लिहिले. हिशेबनीसाला एक खोड असते, प्रत्येक नोंदीला तारीख लागते. म्हणून ठरवलं, आपल्या घरातल्या चौघांच्या तारखा तेवढ्या सांगाव्यात. आमचं सामान ६ जून २००४ ला, एका टेम्पोत, एका खेपेत आलं. माणसं मात्र त्या दिवशी आली नाहीत. ती वेगवेगळ्या तारखांना आली, एक तर आलंच नाही.

आधी आम्ही निघालो का, ते सांगतो. गिरगावात आमची दहा बाय बाराची खोली. मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला, वर पोटमाळा. तिथे आई, मी, बायको, पाच वर्षांची मुलगी आणि धाकटा भाऊ. भावाचं लग्न ठरलं आणि गणित संपलं. खोलीचं भाडं इतकं थोडं की सांगायला लाज वाटावी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला निघवेना. खोल्या तशाच राहिल्या आणि माणसं वाढत गेली. मग घरातल्या एकाने बाहेर पडायचं. गिरगावात हे, लालबाग-परळला आणखी वेगळं. तिथे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे वस्तीच्या पोटापाण्याचा आधारच गेला. २००१ आणि २०११ च्या जनगणना शेजारी ठेवून बघा. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. वाढती मुंबई म्हणतो आपण, पण मूळ मुंबई त्या दहा वर्षांत आकसली. त्याच वेळी ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सगळ्यांत मोठा जिल्हा झाला. त्या एक कोटी दहा लाखांत आमचे चार.

घर बघायला आलो रविवारी दुपारी. बिल्डरची गाडी स्टेशनवर न्यायला हजर. खिडकीतून डोंगर दिसत होता, गॅलरीत वारा होता, चहा आला. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे वाक्य मी त्याच गाडीत बसून ऐकलं, आणि गाडीने ते खरंही होतं. ५८५ चौरस फूट म्हणून घेतलेली जागा आतून मोजली तर चारशेच्या आसपास भरली. उरलेली जिन्यात, भिंतीत आणि बिल्डरच्या बोलण्यात होती. २०१७ नंतर रेरा कायद्यामुळे निदान चटईक्षेत्र लिहून द्यावं लागतं. आमच्या वेळी ‘सुपर बिल्ट-अप’ हा शब्द ऐकूनच माणूस श्रीमंत व्हायचा. सहा लाखांचं घर, पाच लाखांचं कर्ज, पंधरा वर्षं, हप्ता पावणेपाच हजारांच्या आत. फ्लोटिंग रेट. पुढच्या चार वर्षांत व्याजदर चढत गेले. हप्ता तेवढाच राहिला म्हणून मी खुशीत होतो. बँकेचं पत्र नीट वाचलं तेव्हा कळलं, पंधराची एकवीस वर्षं झाली होती. हिशेबनीसाच्या घरात!

आता तारखा.

मुलगी सगळ्यांत आधी आली. साधारण तीन आठवड्यांत. चाळीत तिला सायकल चालवायला जागा नव्हती, इथे बिल्डिंगच्या मागे मोकळं मैदान होतं. गुडघा फुटला, खालच्या आजींनी हळद दाबली, काम झालं. दिवाळीला गिरगावात कुणीतरी विचारलं, ‘कुठली गं तू?’ तर ‘बदलापूरची’ म्हणाली आणि माझी आई दुखावली. मुलांचं फार बोलू नये. ती रुजतात आणि पुढे त्याचं श्रेय आपण घेतो.

आईचं सांगतो. ती आली नातीसाठी. बायकोची नोकरी होती, पोरीकडे बघणार कोण? पण आल्या दिवसापासून ती इथे पाहुणी होती. त्या काळात इथे भारनियमन होतं, उन्हाळ्यात तासन्‌तास वीज नसायची. मुंबईत तो प्रकारच नव्हता. ती मेणबत्तीच्या उजेडात बसून म्हणायची, ‘गिरगावात अंधार बघितला तो एकाहत्तरच्या लढाईत, ब्लॅकआऊटला.’ रेशनकार्ड तिने हलवू दिलं नाही. मतदार यादीतलं नावही नाही. आणि बँकेचं खातं ठाकुरद्वारच्या शाखेत. पेन्शन तिथेच. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्याबरोबर लोकलने यायची, साठाव्या वर्षी, सत्तराव्या वर्षी, पासबुक भरून घ्यायला. मी चिडायचो. ‘अगं, इथे स्टेशनसमोर शाखा आहे.’ ती म्हणायची, ‘तिथला शिपाई मला नावाने ओळखतो.’ पासबुक भरून झालं की भुलेश्वरला जाऊन वाती-कापूर घ्यायची. जणू बदलापुरात कापूर जळत नाही! २०१३ मध्ये ती गेली. कागदपत्रं आवरताना पासबुक हाती आलं. शेवटची नोंद ठाकुरद्वार शाखेची. नऊ वर्षं ती आमच्या घरात राहिली, पण तिची इथे आल्याची नोंद मला कुठेच सापडली नाही.

बायकोची तारीख मात्र पक्की माहीत आहे.

ती गिरगावातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. सकाळचं अधिवेशन, सातची घंटा. चाळीतून निघाली की सहा मिनिटांत शाळा. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. म्हणजे साडेतीनला उठायचं, पाचच्या आत गाडीत. अकरा महिने तिने ते केलं. लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या, पिको करायच्या साड्या घेऊन चढणाऱ्या बायकांचं पुष्कळ कौतुक लिहिलं जातं. ते वाचून मला हल्ली राग येतो. ती हौस नव्हती, घरी तो वेळच उरत नव्हता. एप्रिल २००५ मध्ये तिने राजीनामा दिला. मी सगळ्यांना सांगितलं, ‘तिचाच निर्णय.’ घर घेताना मी वहीत दोन रकाने आखले होते. रजिस्ट्रेशन, स्टँप ड्यूटी, पास, मुलीची फी, अगदी पडद्यांचे रॉडसुद्धा लिहिले होते. तिचा पगार हप्त्यापेक्षा जास्त होता आणि तो जाऊ शकतो, ही ओळ वहीत नव्हती. आम्ही स्वस्त घर घेतलं असं मी वर्षभर सांगत होतो. त्यातला मोठा हप्ता तिने एकदम भरला आणि पावती कुणी दिली नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी २६ जुलै. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी ऑफिसात अडकलो, गाड्या बंद. अंधार पडल्यावर चालत गिरगाव गाठलं. भावाच्या बायकोने पिठलं-भात वाढला, गॅलरीत सतरंजी टाकली, शेजारचे काका पत्ते घेऊन आले. फोन लागत नव्हते. काळजी होती, आणि तरी खरं सांगतो, वर्षभरात इतकी शांत झोप लागली नव्हती. दोन रात्री मी तिथे होतो.

इथे उल्हास नदी वस्तीत शिरली होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्याची चार बिऱ्हाडं वर आली. त्या चारशे चौरस फुटांत अकरा माणसं, एक बाळंतीण आणि एक पोपट. वीज नाही, पाणी गच्चीवरच्या टाकीतलं तेवढंच. बायकोने डबे काढले आणि पिठाचे, तांदळाचे वाटे घातले, पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. शाळेत चाळीस मुलांना खाऊ वाटायची सवय होती म्हणे. पोरांना तिने परवचा म्हणायला बसवलं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा जिन्यात चिखल होता आणि वरून सातचा पाढा ऐकू येत होता. दार उघडल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं, ‘आपल्या इथलं पाणी आज सकाळी उतरलं.’ तोवर ती ‘इथलं’ म्हणायची. ‘आपल्या इथलं’ हे मी पहिल्यांदा ऐकलं.

तर तिची तारीख ही. ज्या दोन रात्रींत ती बदलापूरची झाली, त्या दोन रात्री मी गिरगावात निवांत झोपलो होतो.

त्यानंतर त्या अकरा जणांतल्या मुलांपासून तिच्या शिकवण्या सुरू झाल्या, पुढे इथल्याच शाळेत नोकरी. नदीनेही ओळख ठेवली आहे. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढलं, ते साऱ्या देशाने टीव्हीवर बघितलं. आमच्या बिल्डिंगीत टीव्ही कुणी लावला नव्हता. सगळे तळमजल्याचं सामान वर नेत होते.

राहिलो मी.

दाराबाहेर पडल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत दोन तास, येताना दोन. महिन्याला पंचवीस दिवस धरा. वर्षाचे बाराशे तास, म्हणजे रात्रंदिवस धरून पन्नास दिवस. अशी सोळा वर्षं केली. आठशे दिवस मी जाण्यायेण्यात होतो. दोन वर्षांहून जास्त. लोकलमध्ये ग्रुप होता, जागा ठरलेली होती. अंबरनाथची मंडळी उलटी इथवर येऊन गाडी धरायची म्हणून त्यांच्याशी भांडणंही ठरलेली होती. त्या डब्याचा मी रहिवासी होतो असं म्हटलं तर चालेल. ही लाईन १८५६ मध्ये इथून पुढे गेली ती बोरघाटाकडे, पुण्याची वाट म्हणून. रोज सकाळी गावचं गाव उचलून फोर्टात ठेवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे काम तिला आपण नंतर लावलं. बदलापूरशी माझा संबंध रात्री साडेनऊ ते सकाळी सव्वासात. आणि रविवार, तोही मेगाब्लॉकचा.

मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या. दहा-बारा दिवसांनी मी पिशवी घेऊन भाजीला उतरलो. सोळा वर्षं राहिलेल्या गल्लीत मला कोथिंबिरीचा ठेला कुठे लागतो ते माहीत नव्हतं. एका पोराला विचारलं. त्याने मास्क खाली करून माझ्याकडे निरखून बघितलं आणि भाजीवाल्याला हाक मारली, ‘ओ, टीचरांचे मिस्टर आलेत.’ भाजीवाल्याने जुडीवर दोन मिरच्या टाकल्या आणि पैसे घेतले नाहीत. ‘टीचर महिन्याचे देतात,’ म्हणाला. खातं होतं तर. हिशेबनीसाला ठाऊक नसलेलं, त्याच्याच घरचं.

त्या उन्हाळ्यात दुपारी चार वाजता आमच्या स्वयंपाकघरात ऊन येतं हे मला कळलं. ओट्यापासून मिसळणाच्या डब्यापर्यंत सरकत जातं आणि पावणेपाचला जातं. बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, ‘हो, म्हणून लोणच्याच्या बरण्या तिथे असतात.’ माझी नोंद मी तेव्हाची धरतो. तारीख विचाराल तर एप्रिल २०२०, आणि तीही माझ्या हाताने लिहिलेली नाही.

अध्यक्षांनी सांगितलंय, शेवटी काही व्यवहाराचं बोला. बोलतो. माझा भाचा लोअर परळला भाड्याने राहतो, तीन वर्षांची मुलगी आहे, सुनेची नोकरी अंधेरीला. आता बदलापूरही त्यांच्या आवाक्यात नाही, म्हणून नेरळला टॉवर बघितलाय. रविवारी बघितलाय, अर्थातच. ब्रोशर घेऊन आला. ‘मामा, हिशेब तपासून दे.’ हिशेब चोख होता. मी म्हटलं, तळमजल्यावरच्या माणसाला विचार, २००५ ला पाणी कुठवर आलं होतं. तो म्हणाला, मामा, तेव्हा तिथे शेत होतं. मी म्हटलं, मग शेतवाल्याला विचार. आणि वहीत एक ओळ वाढव, सुनेचा पगार गेला तर. तो हसला. सून हसली नाही, तिने वही पुढे ओढली.

आणखी एक सांगितलं, घर मंगळवारी बघ. ऑफिस सुटल्यावर, नेहमीच्या गर्दीत, कर्जत गाडीने, बायको-पोरीला घेऊन. बिल्डरला सांगू नकोस.

परवाच्या मंगळवारी दोघं गेली, पोरगी कडेवर. साडेनऊला फोन आला. मागे गाडी निघाल्याचा भोंगा, पोरीची भुणभुण.

‘मामा, उतरलो. रिक्षाच नाहीये.’

‘मग?’

‘चालतोय.’

‘किती वेळ लागतोय ते घड्याळात बघ,’ म्हटलं, आणि फोन चालूच ठेवला.