दात पांढरे करून देतोस का?



इतक्या वर्षांनी भेटतोय, तर आधी तब्येतीची चौकशी होईल असं वाटलं होतं. पण सकाळपासून चहाच्या रांगेत सात-आठ जणांनी एकच विचारलं, "दात पांढरे करून देतोस का?" साताऱ्यात शिकलो आणि सांगलीत दातांचा दवाखाना चालवतो, तेव्हा सगळ्यांना एकदमच सांगून टाकतो.

देतो. पण डाग कुठला ते आधी बघतो. चहा, पान, मिश्री यांचा डाग दाताच्या वर बसतो आणि बऱ्याचदा नुसत्या साफसफाईने जातो. वयाने आलेला पिवळेपणा आतला. त्यासाठी दातांचं माप घेऊन पातळ ट्रे बनवायचा आणि त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून तो रात्री लावायचा. तिच्यातून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, ते दातात शिरून रंग फिका करतं. अमेरिकेत हेवुड आणि हायमन यांनी १९८९ साली ही पद्धत मांडली. दोन-चार आठवडे लागतात. मधेच गार पाण्याने दात सणकतात, ते बहुधा थांबतं. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिनचे करडे पट्टे मात्र महिनोन्‌महिने दाद देत नाहीत. आणि कॅपचा रंग बदलतच नाही, म्हणजे शेजारचे दात उजळले की कॅपच उठून दिसणार! लिंबू-सोड्याने घासू नका. वरचं कवच झिजलं की आतला पिवळा थर जास्तच दिसतो.

खरं बोलायचंय ते मिश्रीबद्दल. आपल्या भागात कित्येक मावश्या शपथेवर सांगतात, "तंबाखूला मी हातसुद्धा लावत नाही." त्या खोटं बोलत नाहीत. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ती तंबाखूच, हे त्यांच्या लेखी नसतंच. दातांच्या पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोण विचारतो?

लेकीच्या लग्नाआधी दात पांढरे करायला एक बाई आल्या. गालाच्या आत पांढरा चट्टा, खरवडून न निघणारा. दात राहिले बाजूला, तुकडा तपासायला पाठवला. कर्करोगाआधीचे बदल निघाले. वेळेत काढता आलं. लग्नाच्या फोटोत त्या पिवळ्याच दातांनी हसताहेत.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत टॉर्च घेऊन बसतोय. घरी आई, सासू, वहिनी कोणी मिश्री लावत असेल आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर त्यांना सांगलीला घेऊन या. पांढऱ्या दातांचं नंतर बघू.